राजाच्या वाढदिवसाला पथारी

आईला मी फोनवर म्हटलं, "एप्रिलात ये, राजाचा वाढदिवस असतो, मजा असते." तिनं विचारलं, "म्हणजे मिरवणूक का?" मी म्हटलं, "नाही, आपण रस्त्यावर बसून घरातलं जुनं सामान विकायचं." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग हळूच, "जावईबापूंची नोकरी ठीक आहे ना गं?"

तिला हसण्यात अर्थ नव्हता, कारण मला स्वतःला हे जमायला पाच वर्षं लागली. आमचं घर आम्स्टलफेनला, आम्स्टरडॅमला अगदी चिकटून. नेदरलँड्समध्ये २७ एप्रिल म्हणजे कोनिंग्सदाख, राजाचा दिवस. विलेम-अलेक्झांडर हा इथला राजा, जन्म २७ एप्रिल १९६७. त्या दिवशी देशभर फ्रायमार्क्ट भरतो, म्हणजे मोकळा बाजार. परवाना नाही, कर नाही, कुणीही उठावं, चादर पसरावी आणि माळ्यावरचं काढून विकावं. आमच्या पुण्याच्या भाषेत सांगायचं तर अख्खा देश एका दिवसापुरता पथारीवाला होतो.

आणि नेमकं तेच मला जड जात होतं. लहानपणी आईचं बोट धरून तुळशीबागेत मी पथारीच्या या बाजूला उभी असायचे. पलीकडे उकिडवं बसलेलं माणूस आपलं नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ठाऊक होतं. आपल्याकडं जुने कपडे बोहारणीला द्यायचे आणि स्टीलचं पातेलं घ्यायचं, खेळणी धाकट्या भावंडांना जायची, उरलेलं कामवाल्या मावशींना. वापरलेली वस्तू हातात धरून "घ्या हो, दोन युरो" म्हणणं म्हणजे काहीतरी बिनसलंय अशी जाहिरातच.

त्यामुळं पहिल्या वर्षी, २०१९ मध्ये, आम्ही नुसते बघे होतो. शहराच्या मधोमध गेलो, कालव्यातून होड्यांवर नाचणारी केशरी माणसं पाहिली, गर्दीत पाय तुडवून घेतले आणि आम्हाला वाटलं की झाला राजाचा दिवस. दुसऱ्या वर्षी करोना. तेव्हा लोकांनी कोनिंग्सदाखचं वोनिंग्सदाख करून टाकलं, वोनिंग म्हणजे घर, आणि ठरल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या दारा-खिडकीत उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं. मग लेक शाळेत रुळली आणि दर एप्रिलमध्ये विचारू लागली, "आपण का नाही बसत? माझ्या वर्गातले सगळे बसतात." दोन वर्षं टाळलं. २०२४ ला ती नऊ वर्षांची झाली आणि टाळण्याची कारणं संपली.

आई-बाबा एप्रिलच्या मध्यावर आले. तोवर आमच्या बर्गिंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळाशी प्रत्येक घराला मिळते त्या अडगळीच्या खोलीत, निवडानिवडीचं काम सुरू झालं होतं. कोडी अठरा, त्यांतली पूर्ण अकरा. तुकडे मोजून पाहायचा निर्णय लेकीचा: "एक तुकडा कमी असेल तर लिहून ठेवायचं, नाहीतर फसवणूक." आखूड झालेला पावसाळी कोट, बर्फावरचे स्केट, डोनाल्ड डकच्या डच साप्ताहिकांचा गठ्ठा, एक डोळा नसलेलं अस्वल. अस्वल विकायचं की नाही यावर दोन दिवस खल झाला, शेवटी ते घरी राहिलं. पाव युरो, अर्धा, एक, दोन अशा किमतींच्या चिठ्ठ्या तिनंच रंगवल्या. मी म्हटलं, स्केटचे पाच तरी लाव, नवे चाळीसला घेतले होते. ती म्हणाली, "आई, ते नवे होते तेव्हा." या वाक्यावर उत्तर नाही.

सुट्ट्या पैशांची मात्र पंचाईत झाली. एरवी इथं कुणी नाणं वापरत नाही, पाव आणायलाही कार्ड दाखवायचं. या एका दिवसापुरती सगळ्यांना नाणी लागतात. एक आणि दोन सेंटची नाणी इथल्या व्यवहारातून २००४ मध्येच गेली, रोखीचा हिशेब पाचच्या पटीत करतात, त्यामुळं तेवढी तरी कटकट नाही. आम्ही कोटांचे खिसे, कपाटाचे खण, सुपरमार्केटच्या ढकलगाडीसाठी जपलेली नाणी असं सगळं उकरून अकरा युरो जमवले. नवऱ्यानं टिकीचा क्यूआर कोडही छापून पुठ्ठ्यावर चिकटवला. टिकी म्हणजे इथलं एकमेकांकडं पैसे मागायचं ॲप. मैत्रिणीकडं कॉफी प्यायलात तर संध्याकाळी दीड युरोची टिकी येते असा विनोद सांगतात. विनोद आहे की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

शुक्रवारी शाळेत कोनिंग्सस्पेलेन, राजाचे खेळ. २०१३ पासून देशभरच्या प्राथमिक शाळांत हे चालतं: सगळ्यांनी मिळून शाळेत न्याहारी, मग दिवसभर खेळ आणि नाच. केशरी घालून गेलेली लेक चिखलानं तपकिरी होऊन परत आली. त्याच संध्याकाळी नवरा खडू आणि चिकटपट्टी घेऊन सायकलवरून जागा धरायला गेला. हा एक विधीच आहे. फुटपाथवर खडूनं चौकोन आखायचा, आत नाव टाकायचं आणि मोठ्या अक्षरात लिहायचं, 'बेझेट', म्हणजे भरलेलं. याला कायद्याचा काही आधार नाही, पण बहुतेक लोक तो मानतात. आईला हे मात्र समजावून सांगावं लागलं नाही. "एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच की," ती म्हणाली आणि त्या क्षणापासून तिला या देशाबद्दल आपुलकी वाटू लागली असा माझा अंदाज आहे.

उट्रेख्टला असते तर आमचा बाजार त्याच संध्याकाळी सुरू झाला असता. तिथं आदल्या दिवशी सहा वाजल्यापासून रात्रभर विक्री चालते, लोक डोक्याला दिवे लावून जुनी पुस्तकं चाळतात. पण आम्हाला जायचं होतं फोंडेलपार्कला. आम्स्टरडॅमची ही मोठी बाग त्या दिवशी फक्त मुलांची. दुकानं मुलांनी मांडायची, मोठ्यांनी मागं बसायचं.

शनिवारी पहाटे साडेपाचला आई नारिंगी साडी नेसून तयार. काठ हिरवा. वर माझं हिवाळी जॅकेट, पायात मोजे आणि बूट. बाबांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि टीव्हीसमोर ठाण मांडलं. शेजारणीकडून आणलेली बाकफीट्स, म्हणजे पुढं लाकडी खोकं असलेली मालवाहू सायकल, सामानानं भरली. त्यावर लेक, आणि नवरा ती दामटत आम्स्टलफेनसेवेखनं निघाला. तो रस्ता सरळ फोंडेलपार्कच्या टोकाला जातो, सहा-सात किलोमीटर. आई आणि मी बसनं, पुढं चालत.

वाटेत घरोघर झेंडे लावलेले. लाल-पांढरा-निळा तिरंगा आणि त्याच्यावर एक लांब केशरी पट्टी. ही पट्टी राजघराण्यातल्यांच्या वाढदिवशी लावतात. "झेंड्यात केशरी नाही, मग हे केशरी आलं कुठून?" आईनं विचारलं. मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. दक्षिण फ्रान्समध्ये ओरांज नावाचं एक छोटं संस्थान होतं. १५४४ मध्ये ते वारशानं अकरा वर्षांच्या विलेमकडं आलं. पुढं याच विलेमनं स्पेनच्या राजाविरुद्ध बंड उभारलं, १५८४ मध्ये डेल्फ्टला त्याचा खून झाला. संस्थान गेलं, नाव राहिलं, आणि नावावरून रंग. गंमत म्हणजे त्याच्याच तोंडी असलेल्या राष्ट्रगीतात, पहिल्याच कडव्यात, 'स्पेनच्या राजाचा मी नेहमीच मान राखला' असं येतं. आई थांबलीच. "बंड करून वर मान राखला?" मी म्हटलं, हो, आणि अजूनही फुटबॉलच्या सामन्याआधी अख्खं स्टेडियम ते म्हणतं.

"आणि राज्याभिषेक कधी झाला?" झालाच नाही. म्हणजे ३० एप्रिल २०१३ ला आम्स्टरडॅमच्या न्यू चर्चमध्ये शपथ झाली, मुकुट शेजारी टेबलावर ठेवलेला होता. इथं तो राजाच्या डोक्यावर चढवतच नाहीत. रायगडच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या बाईला हे पटणं अवघड. त्यात हा देश आधी दोनशे वर्षं प्रजासत्ताक होता आणि ओरांज घराण्यातला राजा नंतर, १८१५ मध्ये, आला हे सांगितल्यावर तिनं विषय सोडून दिला.

सातच्या आधी पोचलो तर आमच्या खडूच्या चौकोनाचा एक कोपरा कुणीतरी गिळलेला. शेजारी एक बाबा आणि त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा. मी भांडायच्या तयारीत होते, आईनं मला मागं ओढलं आणि त्या मुलाच्या हातावर चार शंकरपाळे ठेवले. कोपरा परत मिळाला. तो बाबा पुढं दिवसभर आमचा सोबती झाला. मुलगा काचेची बरणी घेऊन बसला होता, आतल्या गोळ्या किती ते ओळखा, अर्धा युरो, जिंकलात तर सगळ्या गोळ्या तुमच्या. दुपारी कळलं की बाबा दंतवैद्य आहे. "हंगामी गुंतवणूक," तो गोळ्यांकडं बोट दाखवून म्हणाला.

आम्ही चादर पसरली. लेक पुढं, आई तिच्या शेजारी दुमडत्या खुर्चीवर, मी मागं झाडाला टेकून. पहिली वीस मिनिटं मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. लोक येत होते, वाकून बघत होते, कोडं उचलून ठेवत होते आणि दर वेळी माझ्या पोटात काहीतरी हलत होतं. पहिलं गिऱ्हाईक एक आजोबा. त्यांनी डोनाल्ड डकचे सहा अंक घेतले आणि एक युरो दिला. लेकीनं नाणं मुठीत धरलं आणि माझ्याकडं वळून असं पाहिलं की मी फोन खिशात टाकला.

आईला एवढा वेळ लागला नाही. तिला डचमधला एकही शब्द येत नव्हता, पण आयुष्यभर पथारीच्या या बाजूनं केलेला अभ्यास पलीकडं बसल्यावर कामी आला. कुणी वस्तू खाली ठेवून वळलं की ती लेकीला कोपरानं ढोसायची, "अर्ध्यात दे म्हण, ते परत येतील." यायचे. आणि विक्री झाली की वर चार शंकरपाळे. भाजीवाली मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते तसे. डच माणसाला वर काही मिळायची सवय नाही. एक बाई पैसे द्यायला निघाल्या, मी म्हटलं, हे फुकट आहे, तर त्यांचा विश्वास बसेना, मग त्यांनी अजून एक कोडं घेतलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. बोलली काही नाही.

दहाच्या सुमाराला बाग भरून गेली. एक मुलगी व्हायोलिनवर एकच धून वाजवत होती, दिवसभर, तीच. एक पोरगा फळीतल्या भोकातून तोंड बाहेर काढून उभा, एका युरोत तीन ओले स्पंज मारा. त्याच्या समोर सर्वांत लांब रांग. शिवाय जुने डच खेळ: पोत्यात पाय घालून शर्यत, दोरीला टांगलेला केक हात न लावता खाणं आणि एक खेळ ज्यात कमरेला मागं दोरीनं खिळा बांधायचा आणि बसत-उठत तो बाटलीच्या तोंडात सोडायचा. त्याच्या नावाचं भाषांतर इथं करत नाही. आईला करून सांगितलं तर ती दहा मिनिटं पदर तोंडाला लावून हसत होती.

अकराच्या सुमारास बाबांचे व्हॉट्सॲपवर संदेश सुरू झाले. 'राजा बसमधून उतरला.' 'राणीची टोपी मोठी.' 'राजा कुणाशी तरी बोलतो आहे.' राजघराणं दर वर्षी एका गावाला भेट देतं, त्या वर्षी एमेनची पाळी होती, तिकडं पूर्वेला जर्मनीच्या सीमेजवळ. "म्हणजे राजा इथं येणारच नाही?" आई म्हणाली. तिनं ती साडी कुणासाठी नेसली होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दंतवैद्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, राजा काही वेळा फार जवळ येतो. २०१२ मध्ये, तो अजून युवराज असताना, रेनेन गावी त्यानं संडासाचं भांडं लांब फेकायच्या स्पर्धेत भाग घेतला होता. आईनं हेही भाषांतर करायला लावलं आणि या वेळी हसली नाही. राजानं असं करू नये असं तिचं मत पडलं.

पूर्वी हा दिवस ३० एप्रिलला असायचा हेही दंतवैद्यानंच सांगितलं. मुळात १८८५ मध्ये विल्हेल्मिना राजकन्येच्या वाढदिवशी, ३१ ऑगस्टला, हे सुरू झालं. मग तिची मुलगी युलियाना राणी झाल्यावर तिचा वाढदिवस, ३० एप्रिल. तिच्या मुलीनं, बेआट्रिक्सनं, आपला ३१ जानेवारी न घेता आईचीच तारीख चालू ठेवली. जानेवारीत पथारी कोण पसरणार? मधे २००९ ला आपेलडोर्नला एका माणसानं गर्दीत गाडी घातली, माणसं मेली, हे सांगताना तो क्षणभर थांबला. तेव्हा तो टीव्हीवर पाहत होता. मग परत गमतीवर आला: आताच्या राजाची थोरली मुलगी अमालिया, तिचा वाढदिवस ७ डिसेंबर. "ती राणी झाली की आम्ही बर्फात बसून स्केट विकणार. तेव्हा तरी खपतील."

आमचे स्केट खरंच खपत नव्हते. आणि त्याच वेळी मला गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसला. आमच्या इथल्या गणेशोत्सवात भेटणाऱ्या काकू, सोबत नवरा, सून आणि पुण्याहून आलेले कुणी पाहुणे. मी काय केलं ते कबूल करते: हजार तुकड्यांच्या कोड्याचा खोका उचलला आणि तोंडासमोर धरून त्यावरचं चित्र निरखू लागले. पवनचक्की होती. काकूंनी आईची साडी लांबून हेरली होती. "अय्या, तुम्ही इथं?" मग खोक्यावरून वाकून, "आणि तू गं कशाला लपतेस?"

मला पुढचं आठवतं ते असं की मी काहीतरी "लेकीची हौस" वगैरे पुटपुटले आणि काकू ते न ऐकता स्केट उलटेपालटे करत होत्या. "कितीला?" "चार युरो," लेक म्हणाली. "दोन." "काकू, तीन." "अडीच, आणि शंकरपाळे मूठभर जास्त." मराठीतून, फोंडेलपार्कच्या मध्यावर, दोन्ही बाजूंनी तोंड न वाकडं करता सौदा झाला. पाहुण्यांनी फोटो काढला. तो संध्याकाळपर्यंत तीन ग्रुपवर फिरून माझ्याकडं परत आला. त्यात मी पवनचक्कीमागं आहे.

दुपारी टॉम्पूस खाल्ला. एरवी याच्यावर गुलाबी साखरेचा थर असतो, या दिवसांत केशरी. दोन कडक पापुद्रे, मधे बोटभर घट्ट कस्टर्ड. वरून चावलं की कस्टर्ड चारी बाजूंनी बाहेर. याला सभ्यपणे खायची रीत असेल तर ती मला कुणी दाखवलेली नाही. आईनं वरचा पापुद्रा उचलून वेगळा खाल्ला आणि उरलेलं चमच्यानं. दंतवैद्य म्हणाला, बरोबर आहे.

आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथं डचांची सतराव्या शतकातली वखार आहे, आता नुसत्या भिंती, झाडं उगवलेली. लहानपणी ती तिथं खेळायला जायची आणि घरचे साप असतील म्हणून ओरडायचे. दुपारी ऊन जरा वर आलं, आजूबाजूची गर्दी, पुढ्यात पाच-सहा कोडी आणि नाण्यांचा डबा मांडीवर. ती सहज म्हणाली, "ह्यांनी आमच्या गावात वखार घातली होती. आज मी ह्यांच्या गावात घातली." आणि डबा वाजवून दाखवला.

मग ती उठली आणि अर्ध्या तासानं दोन्ही हातांत काहीतरी धरून आली. पितळी खलबत्ता. जुन्या डच घरांतून असायचा तसा, काठाशी नक्षी, बत्ता चांगला दणकट. मुलाच्या दुकानात मागं बसलेल्या आजीनं आठ सांगितले होते, आईनं बोटांनी तीन दाखवले, मध्ये काय झालं माहीत नाही, चारला आणला. वजन साडेतीन किलो. परतीच्या विमानात प्रत्येकी तेवीस किलोची मर्यादा. "बाबांचे बूट इथं राहतील," ती म्हणाली.

चार वाजता भाव कोसळतात. "सगळं पाव युरोला," असं मुलं ओरडू लागतात, मग "घेऊन जा, फुकट." उरलेलं सामान तिथं टाकून जायचं नसतं, तरी लोक टाकतात आणि मागून नगरपालिकेच्या गाड्या येतात. आम्ही आमचं उरलेलं खोक्यात भरलं. तेवढ्यात लेक दोनदा गायब झाली. बाकफीट्स घराकडं निघाली तेव्हा ती सकाळइतकीच भरलेली होती: एक युकुलेली, दोन तारा कमी, रोलर स्केट, कुणाच्यातरी वर्गातला पृथ्वीचा गोल ज्याच्यावर अजून सोव्हिएत संघ आहे आणि चौदा कोडी. तुकडे मोजले नाहीत, त्या मुलांवर विश्वास ठेवला म्हणाली.

घरी बाबा राजाचं पुनःप्रक्षेपण बघत होते. आईनं साडी न बदलता खलबत्ता चिंचेनं घासला, वेलदोडे कुटले, चहा टाकला. "सत्तावन्न पूर्ण झाली का ह्याला?" तिनं टीव्हीकडं बघत विचारलं. "कुणी ओवाळलं का सकाळी?" बाबा म्हणाले, तसं काही दाखवलं नाही.

लेक जमिनीवर नाण्यांचे ढीग करून हिशेब लिहीत होती. आले त्रेचाळीस युरो पन्नास सेंट, त्यांतले अकरा आपलेच. सतरा तिनं खर्च केले. खाली 'पुढच्या वर्षी' असं लिहून रेघ मारली होती आणि पहिल्या क्रमांकाला, डच आणि मराठीची सरमिसळ करून: आजीचे शंकरपाळे, पाचाची पिशवी, अर्धा युरो. फुकट नाही.